हात कोणाचा? : रॉक संगीताची आवरणचित्रे आणि हस्तसंस्कारित पॉप मुद्राचित्रांचा इतिहास

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून पाश्चात्त्य कलाबाजारात मुद्राचित्रांचा एक प्रकार विशेष प्रचारात आला. रेशीमपडद्यावर किंवा संगणकाला जोडलेल्या यंत्रावर चित्राच्या शंभर-दोनशे प्रती छापल्या जातात. त्यानंतर प्रत्येक प्रतीवर कलाकार स्वतः किंवा त्याचा सहायक ब्रशाचे काही फटकारे मारतो, सोनेरी वर्ख चिकटवतो, काचेची चमकदार पूड शिंपडतो किंवा पेन्सिलीने काही रेघा ओढतो. प्रतीच्या तळाशी सही येते आणि अपूर्णांकाच्या रूपात क्रमांक येतो. अशा मुद्राचित्रांना येथे ‘हस्तसंस्कारित मुद्राचित्रे’ असे म्हटले आहे. त्यांच्या विषयांमध्ये १९६० व १९७० च्या दशकांतील रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रिकांची आवरणचित्रे, म्हणजे ग्रामोफोन तबकड्यांच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनांवरील चित्रे, अग्रभागी असतात.

या प्रकाराचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण सोपे आहे. यंत्राने लाखो प्रती काढल्यामुळे चित्राचे अनन्यत्व हरपले आणि हाताच्या स्पर्शाने ते परत मिळाले, असे ते स्पष्टीकरण. वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३६ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय मावळते असे प्रतिपादन केले होते. त्याचाच हा बाजारी उत्तरार्ध म्हणावा लागेल. मात्र इतिहास या स्पष्टीकरणाला पुरेसा आधार देत नाही. ज्या आवरणांवर आज हाताचा संस्कार केला जातो, ती मुळातच हाताने संस्कारित झालेली होती. इतकेच नव्हे, तर त्यांपैकी काही आवरणांनी ग्राहकालाही हात चालविण्याचे आमंत्रण दिले होते. तेव्हा हात होता की नव्हता यापेक्षा तो कोणाचा होता, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

आवरणाचा उगम

१९३० च्या दशकाअखेरपर्यंत तबकड्या बहुधा साध्या तपकिरी कागदाच्या पाकिटांतून किंवा पुस्तकासारख्या बांधलेल्या बिनचित्री संचांतून विकल्या जात. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण आरेखनकाराने १९३९-४० च्या सुमारास चित्रमय आवरणाचा पायंडा पाडला. १९४८ मध्ये त्याच कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणली आणि तिच्या बारा इंची वेष्टनामुळे सुमारे तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक चौरस चित्रकारांच्या हाती आला. सामान्य घरात स्वस्तात पोहोचणारे एवढे मोठे छापील चित्र त्या काळी कॅलेंडरांखेरीज फारसे नव्हते.

या चौरसावर काम करणाऱ्या आरंभीच्या चित्रकारांमध्ये अँडी वॉरहॉल होते. १९४९ पासून त्यांनी आवरणे चितारली आणि आयुष्यभरात त्यांची संख्या पन्नासाच्या पुढे गेली. त्यांच्या १९५० च्या दशकातील कामाकडे पॉप कलेचे अभ्यासक बरेचदा धावती नजर टाकून पुढे जातात. वस्तुतः प्रस्तुत विषयाची गुरुकिल्ली तेथेच आहे. ‘ट्वेंटी फाइव्ह कॅट्स नेम सॅम अँड वन ब्लू पुसी’ (१९५४) किंवा ‘वाइल्ड रास्पबेरीज’ (१९५९) यांसारखी छोटी पुस्तके वॉरहॉल स्वतःच्या खर्चाने छापून घेत. छपाई काळ्या रेषांची असे, त्यांत रंग भरण्याचे काम मित्रमंडळी एकत्र जमून करीत आणि अक्षरलेखन अनेकदा त्यांच्या आई ज्युलिया वॉरहोला यांचे असे. एका मित्राने लाल भरला तर दुसऱ्याने निळा. त्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी होई. १९६२ मध्ये त्यांनी रेशीमपडद्याचे तंत्र स्वीकारले, त्यापूर्वीच छापील रेषा आणि हाताचा रंग यांची सांगड त्यांच्याकडे घातली गेली होती. यंत्र व्हावेसे वाटते असे पुढे सांगणाऱ्या या चित्रकाराची सुरुवात इतक्या घरगुती हस्तव्यवसायातून व्हावी, ही गोष्ट मोठी सूचक आहे.

‘सार्जंट पेपर’ : छायाचित्राखाली दडलेला हात

१९६७ साली प्रसिद्ध झालेले बीटल्सचे ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हे आवरण या इतिहासातील मध्यवर्ती घटना होय. त्याची मांडणी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या तेव्हा विवाहबद्ध असलेल्या दोन पॉप कलाकारांनी केली, छायाचित्र मायकेल कूपर यांनी घेतले आणि या सर्वांना एकत्र आणण्याचे काम कलादालनचालक रॉबर्ट फ्रेझर यांनी केले. नेहमीच्या आवरणाचा खर्च पन्नास पौंडांच्या आसपास असताना या आवरणावर सुमारे तीन हजार पौंड खर्च झाले. ब्लेक यांच्या वाट्याला मात्र त्यांपैकी दोनशे पौंड आले, आणि ही सल त्यांनी पुढे वारंवार बोलून दाखविली.

आवरण पाहणाऱ्यास ते एक रंगीत छायाचित्र वाटते. प्रत्यक्षात गर्दीतील बहुतेक चेहरे कृष्णधवल छायाचित्रांवरून माणसाच्या उंचीएवढे मोठे करून लाकडी फळीसारख्या जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले होते आणि त्यांवर हॉवर्थ यांनी हाताने रंग चढविले होते. म्हणजे जगभर लाखो प्रतींमध्ये पोहोचलेल्या या चित्राचा रंग हा मुळात एका स्त्रीच्या हाताचा रंग आहे. मधोमध दिसणाऱ्या ढोलाचे कातडे जो एफग्रेव्ह यांनी रंगविले. ते २००८ मध्ये लंडनमधील लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. छायाचित्र काढून झाल्यावर ती सारी मांडणी मोडण्यात आली. त्यामुळे ‘मूळ चित्र’ म्हणून दाखविता येईल अशी अखंड वस्तू उरलीच नाही, उरली ती छपाईच. आवरणाला मिळालेले ग्रॅमी पारितोषिक ब्लेक आणि हॉवर्थ या दोघांच्या नावे होते. तरीही पुढील अनेक वर्षांच्या लिखाणात ‘पीटर ब्लेक यांचे आवरण’ हाच शब्दप्रयोग रूढ झाला. रंग भरण्याच्या कामाला कल्पनेपेक्षा दुय्यम लेखण्याची कलाक्षेत्रातील जुनी सवय येथे स्पष्ट दिसते.

रंग भरणाऱ्या हाताबरोबर पुसणारा हातही येथे होता. लिओ गॉर्सी या नटाने आपल्या प्रतिमेसाठी चारशे डॉलर मागितले, म्हणून त्याला चित्रातून वगळण्यात आले. महात्मा गांधींची प्रतिमा मांडणीत समाविष्ट होती. परंतु भारतातील लोक दुखावतील व तेथील विक्रीला बाधा येईल या भीतीने ईएमआय कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी ती काढावयास लावली. परमहंस योगानंद, त्यांचे गुरू श्रीयुक्तेश्वर गिरी, लाहिडी महाशय आणि महावतार बाबाजी ही जॉर्ज हॅरिसन यांनी सुचविलेली चार भारतीय नावे मात्र गर्दीत कायम राहिली, आणि समोरच्या भागात लक्ष्मीची एक लहानशी मूर्तीही राहिली. संन्यासी चालतात, देवी चालते, राष्ट्रपिता चालत नाहीत, हा व्यापारी विवेक नोंद घेण्यासारखा आहे.

या तबकडीसोबत पुठ्ठ्याचा एक ताव दिलेला होता. त्यावर मिशा, बिल्ले, खांद्यावरील पट्ट्या छापलेल्या होत्या आणि ग्राहकाने त्या कात्रीने कापून वापरावयाच्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ या तबकडीच्या आवरणावर वॉरहॉल यांनी केळे छापले. आरंभीच्या प्रतींवर केळ्याची पिवळी साल चिकटपट्टीसारखी होती. ती हळूच सोलावी अशी सूचना शेजारी छापलेली होती आणि साल काढली की आत गुलाबी गर दिसे. अशा आवरणांचे उत्पादन किचकट होते, कारण त्यासाठी छपाईच्या नेहमीच्या व्यवस्थेबाहेर जावे लागले.

पॉप कलेची ही अवस्था थोडा वेळ थांबून पाहण्यासारखी आहे. येथे चित्र ग्राहकाच्या हाताने पूर्ण होत होते. कापलेला ताव आणि सोललेले केळे म्हणजे एका अर्थाने हस्तसंस्कारित प्रतीच होत, कारण प्रत्येकाची सोलण्याची रीत वेगळी. पुढे संग्राहकांच्या बाजाराने मात्र याच्या नेमका उलट न्याय केला. न कापलेला ताव आणि न सोललेले केळे यांनाच अधिक किंमत मिळते. ज्यांनी चित्रकाराचे म्हणणे ऐकले त्यांच्या प्रती स्वस्त झाल्या आणि ज्यांनी ते ऐकले नाही त्यांच्या महाग झाल्या.

क्रमांक, सही आणि रेघोट्या

१९६८ मध्ये बीटल्सच्या पुढील दुहेरी तबकडीचे आवरण रिचर्ड हॅमिल्टन यांनी केले. ते पूर्णतः पांढरे होते, त्यावर बँडचे नाव केवळ उठावाच्या छपाईत होते आणि प्रत्येक प्रतीवर स्वतंत्र क्रमांक होता. मर्यादित आवृत्तीच्या मुद्राचित्रांना जो क्रमांक मिळतो, तोच येथे लाखो प्रतींना दिला गेला. हॅमिल्टन यांचा विनोद कोरडा होता आणि तो कलादालनांवर होता. परंतु बाजाराला विनोद पचविता येतो. रिंगो स्टार यांच्याकडील पहिल्या क्रमांकाची प्रत डिसेंबर २०१५ मधील लिलावात सात लाख नव्वद हजार डॉलरना विकली गेली.

हॅमिल्टन यांनी हाताच्या संस्काराचा गंभीर उपयोगही केला. अमली पदार्थांच्या खटल्यात अडकलेले मिक जॅगर आणि वर उल्लेखिलेले रॉबर्ट फ्रेझर हे एकमेकांना बेडीने जखडलेल्या अवस्थेत पोलिसांच्या मोटारीत बसले आहेत, अशा एका वृत्तछायाचित्रावरून त्यांनी ‘स्विंजिंग लंडन ६७’ ही मालिका केली. छायाचित्र रेशीमपडद्याने कॅनव्हासवर उतरविलेले आणि त्यावर रंगकाम केलेले. प्रतिमा एकच, पण रंगकाम बदलले की चित्राचा सूर बदलतो. हाताने काहीतरी ठरविले आहे, हे येथे प्रत्येक वेळी जाणवते.

वॉरहॉल १९७४-७५ मध्ये याच वाटेवर परतले. त्यांचा १९७४ चा ‘फ्लॉवर्स’ हा दहा मुद्राचित्रांचा संच छापील रेषांवर हाताने जलरंगी छटा देऊन केलेला आहे. १९५० च्या दशकातील पुस्तकांचीच ही श्रीमंत आवृत्ती. १९७५ च्या मिक जॅगर संचातही दहा मुद्राचित्रे होती आणि प्रत्येकाच्या अडीचशे प्रती. स्वतः काढलेल्या छायाचित्रांवर त्यांनी फाडलेल्या रंगीत कागदांचे आकार व हाताने काढलेल्या रेषा यांची जुळणी केली, पण ती सारी छपाईपूर्वीच. म्हणजे प्रतींवर दिसणारी ‘हाताची’ रेघ छापलेली होती. खऱ्या हाताच्या होत्या त्या सह्या, आणि त्या चित्रकार व गायक दोघांच्याही होत्या. दोन वर्षांनी या गोष्टीला एक मजेदार कलाटणी मिळाली. रोलिंग स्टोन्सच्या ‘लव्ह यू लाइव्ह’ (१९७७) या तबकडीसाठी वॉरहॉल यांनी केलेल्या आवरणचित्रावर जॅगर यांनी आपल्या हाताने रेघोट्या ओढून शीर्षक लिहिले. वॉरहॉल यांना ते मुळीच रुचले नाही. दुसऱ्यांच्या प्रतिमांवर आयुष्यभर संस्कार करणाऱ्या चित्रकाराला स्वतःच्या प्रतिमेवरील संस्कार सोसवला नाही!

भारतीय छापील चित्र आणि जरीचे वस्त्र

डिसेंबर १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या जिमी हेंड्रिक्स यांच्या ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’ या तबकडीच्या आवरणाचा मार्ग थेट भारताकडे जातो. बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या, विष्णूचे विराट रूप दाखविणाऱ्या एका भारतीय धार्मिक चित्राचा आधार घेऊन, कार्ल फेरिस यांच्या छायाचित्रावरून रॉजर लॉ यांनी रंगविलेल्या हेंड्रिक्स व त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या प्रतिमा त्यात बसविण्यात आल्या. हेंड्रिक्स स्वतः त्यावर प्रसन्न नव्हते. त्यांना अपेक्षित होता तो आपल्या घराण्यातील मूळ अमेरिकन वारशाचा, म्हणजे दुसऱ्याच ‘इंडियन’ लोकांचा, संदर्भ. छापील चित्रावर हाताने रंगकाम, त्याची पुन्हा छपाई आणि त्या छपाईवर आज पुन्हा हाताचा संस्कार, असा या प्रतिमेचा प्रवास झाला आहे. ज्यांच्या श्रद्धेचा तो विषय होता, त्यांना या प्रवासात कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

अशा बाजारी देवचित्रांची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे शिळाछापखाना काढला. पुढे तो घाटकोपरला आणि नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. जर्मन यंत्रे व जर्मन तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने तेथे निघणाऱ्या ओलिओग्राफ प्रतींना तैलचित्राचा भास यावा म्हणून त्यांवर रोगण देण्यात येई आणि कॅनव्हासचा पोतही उठविला जाई. घरोघरी पोहोचलेल्या या प्रतींपैकी अनेक आज निराळ्या रूपात आढळतात. लक्ष्मीच्या वा सरस्वतीच्या छापील लुगड्यावर खऱ्या कापडाचे, जरीचे वस्त्र शिवलेले असते. दागिन्यांच्या जागी टिकल्या, मणी व मोती लावलेले असतात. चेहरा व हात तेवढे छपाईचे राहतात. कोठे हे काम घरातील स्त्रियांनी केले, कोठे व्यावसायिक कारागिरांनी. देवतेला वस्त्र नेसविणे ही पूजेतील नित्याची कृती येथे कागदावर उतरली. अशा प्रतीवर क्रमांक नसतो, सहीही नसते.

लंडन-न्यूयॉर्कमधील पॉप मुद्राचित्रे रविवर्मा यांच्या ओलिओग्राफांवरून स्फुरली, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु दोन्ही ठिकाणी यंत्राने दिलेली एकसारखी प्रत हाताने वेगळी केली गेली, आणि दोहोंतील भेद विचारात घेण्याजोगा आहे. जरीचे वस्त्र नेसविणारा हात प्रत घरात आल्यानंतर चालला. कलादालनातील हात प्रत विकली जाण्यापूर्वी चालतो. पहिला हात चित्र आपलेसे करतो, दुसरा ते दुर्मीळ करतो.

संगीतकाराचे छपाईयंत्र

१९८० च्या दशकात काँपॅक्ट डिस्क आली आणि तीस सेंटिमीटरचा चौरस बारा सेंटिमीटरवर आला. आवरणचित्राचे आकारमान असे आक्रसल्यावर जुन्या चित्रांना भिंतीवर जागा मिळणे स्वाभाविक होते. ही जागा ज्या तंत्राने भरून निघाली, त्याच्या उगमाशी एक रॉक संगीतकारच उभा आहे. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या गायकत्रयीतील ग्रॅहॅम नॅश हे छायाचित्रकार आणि छायाचित्रांचे संग्राहकही होते. व्यापारी छपाईचे कच्चे नमुने काढण्यासाठी बनविलेले ‘आयरिस ३०४७’ हे शाईचे सूक्ष्म तुषार उडविणारे यंत्र त्यांनी सव्वा लाखाहून अधिक डॉलर मोजून घेतले आणि मॅक होल्बर्ट यांच्यासह १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ ही मुद्रणशाळा सुरू केली. जाड कलाकागद स्वीकारावा म्हणून यंत्रात फेरफार करण्यात आले. तेथेच काम करणाऱ्या जॅक डुगन यांनी या छपाईला फ्रेंच शब्दावरून ‘झिक्ले’ हे नाव दिले. संगणकीय छपाई म्हटले की ग्राहक नाक मुरडतो, हे ओळखून केलेले ते नामकरण होते. नॅश यांचे ते यंत्र आता वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे.

या तंत्रामुळे कॅनव्हासवर छपाई सुलभ झाली. आणि कॅनव्हासवर छपाई आली की ती तैलचित्रासारखी दिसावी ही इच्छा मागोमाग येतेच. मळवलीच्या छापखान्यात रोगण व पोत यांनी जे साधले जाई, तेच आता पारदर्शक घट्ट लेपाच्या फटकाऱ्यांनी साधले जाऊ लागले. अमेरिकेत थॉमस किंकेड यांच्या लोकप्रिय निसर्गचित्रांच्या छापील प्रतींवर प्रशिक्षित सहायकांकडून रंगाचे ठिपके देण्याची पद्धत १९९० च्या दशकात मोठ्या व्यापाराला पोहोचली. रॉक आवरणांवरील मुद्राचित्रांनी हीच रीत उचलली. वॉरहॉल यांच्या १९८० च्या सुमाराच्या पादत्राणांच्या चित्रांत चमकलेली ‘हिऱ्याची पूड’ही तेथे आली. ही पूड काचेची असते. खऱ्या हिऱ्याच्या चुऱ्याला हवी तशी चमक येत नाही!

या साऱ्याला सरसकट फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. पण जो फटकारा प्रतिमेतील काहीही बदलत नाही, केवळ प्रतीची वेगळी ओळख पटवितो, तो चित्रकलेपेक्षा सहीच्या कुळातला आहे. हॅमिल्टन यांचे रंगकाम काढून घेतले तर चित्र बदलते. येथे बहुतेकदा किंमत तेवढी बदलेल.

या व्यापाराला जुन्या तबकडीच्या पुनरागमनाचीही जोड मिळाली. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या, तर काँपॅक्ट डिस्क ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच तबकड्यांचा आकडा पुढे गेला. मूळ आवरण पुन्हा दुकानात मिळू लागल्यावर त्याच्या छापील प्रतिमेला ‘अधिक काहीतरी’ देण्याची निकड वाढली असल्यास नवल नाही.

संस्कार आणि स्वामित्व

हाताने संस्कार केला म्हणजे प्रतिमा संस्कार करणाऱ्याची होते काय, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला, तोही एका रॉक संगीतकाराच्या चेहऱ्यावरून. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेले प्रिन्स यांचे छायाचित्र १९८४ मध्ये एका नियतकालिकाने चारशे डॉलर देऊन एकाच वापरासाठी घेतले व त्यावरून वॉरहॉल यांच्याकडून चित्र करवून घेतले. वॉरहॉल यांनी मात्र रेशीमपडद्याची मुद्रिते आणि पेन्सिलीची रेखाटने मिळून सोळा कृती केल्या. प्रिन्स यांच्या निधनानंतर २०१६ मध्ये त्यांपैकी एक दहा हजार डॉलरच्या मोबदल्यात पुन्हा छापली गेली. गोल्डस्मिथ यांना काहीच मिळाले नाही. १८ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निर्णय दिला. निर्णय त्या विशिष्ट परवान्यापुरता मर्यादित होता. तरी नवी शैली आणली एवढ्यावरून मूळ छायाचित्रकाराचा हक्क संपत नाही, ही गोष्ट त्याने स्पष्ट केली. आवरणचित्रांवर फटकारे मारून उपजीविका करणाऱ्यांना तिची दखल घ्यावी लागणार आहे.

जॅन हॉवर्थ यांनी दरम्यान स्वतःच्या आवरणाचा निराळा समाचार घेतला होता. ‘सार्जंट पेपर’च्या गर्दीत स्त्रिया किती थोड्या आहेत, हे त्यांनी नंतर स्वतःच निदर्शनास आणले. २००४ मध्ये त्यांनी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे तीसहून अधिक कलाकारांना सोबत घेऊन ‘एसएलसी पेपर’ हे भित्तिचित्र हाती घेतले. मांडणी जुन्याच आवरणाची, चेहरे मात्र नव्याने निवडलेले. सुमारे पन्नास फूट रुंद आणि तीस फूट उंच असे ते चित्र रस्त्याकडेच्या भिंतीवर आहे, आणि त्याच्या प्रती क्रमांक घालून विकण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.